सातवी चिठ्ठी

गोळीबार चौकात, कय्यूमभाईंच्या शिलाईच्या दुकानाबाहेर
जुन्या दाराच्या फळीवर रंगवलेला पट होता
आणि आम्ही सातजण मिळून
त्यावरचा एकच हात होतो.

समोर कामठी.
तिकडेही सातच, बिडी कारखान्यातले,
एकाचंही तोंड आम्ही कधी पाहिलं नाही.
त्यांची चाल सकाळी दुधाच्या गाडीतून यायची,
कॅनच्या झाकणाला चिकटलेली, ओली.
आमची संध्याकाळी, रिकाम्या कॅनांसोबत.

दिवसाला एक चाल.
म्हणजे दिवसभर भांडण.

डोमाजी पराते मागावरून तसेच उठून येत,
बोटांवर खळ वाळलेली:
‘हत्ती काढा ना बे बाहेर,
लोणचं घालून राह्यले का त्याचं?’
मेश्राम कंपाउंडर नाडी पाहिल्यासारखे
राजाला दोन बोटं लावत. ‘थांबा जी. याले आधी घरात घ्या.’
निखारे गुरुजी हवेतच भूमितीची आकृती काढत.
फत्तूभाऊ पोह्याच्या गाडीवरून डाव दाखवत, हातात डाव घेऊनच,
त्यात एक थेंब पडला पटाच्या मधोमध,
तेव्हापासून त्या चौकोनाचं नावच तर्रीचं घर.
इंदूबाई हेडाऊ कांड्या भरता भरता
पटाकडे न पाहता म्हणत, ‘उंट. तिरपा.’
आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असे.

सहा वाजता चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात.
मोजायच्या मी,
कारण मी पंधरा वर्षांचा होतो, अक्षर बरं होतं,
आणि ‘पोट्ट्याले कशाचं राजकारण.’
मग पाटीवर चाल, चिठ्ठ्या फत्तूभाऊंच्या शेगडीत.
कोणी काय लिहिलं, विचारायचं नाही.

तेवीस चाली झाल्या.
तेवीस वेळा माझी चिठ्ठी
डब्यातून एकटी निघाली.

चोविसाव्या दिवशी सेहेचाळीस डिग्री.
कय्यूमभाईंच्या कूलरमधलं पाणी संपलेलं,
नुसती वाळ्याची कोरडी जाळी घरघरत होती.
हत्ती: चार.
प्यादं: दोन.
घोडा, तर्रीच्या घरात: एक.
मी पुन्हा मोजल्या. चार म्हणजे चारच.
खडू उचलला आणि लिहिलं
घोडा.

शेगडीत कागद भुर्रकन गेले.
सहाजणांनी पाटीकडे पाहिलं,
मग एकमेकांकडे,
प्रत्येकाला वाटलं, बाकीचे पाच फिरले.
‘बहुमत आहे,’ गुरुजी म्हणाले, थोडे दुखावून.
डोमाजी थुंकले. ‘पाहा मंग. मरा.’

दुसऱ्या दिवशी झाकण कोरडं.
तिसऱ्याही.
मी दोन रात्री छतावर जागा,
खाली माग थांबलेले आणि डोक्यात खटखट चालू.
चौथ्या सकाळी चिठ्ठी आली:
त्यांचा वजीर मागे सरला होता.
इतका मागे, इतका विनाकारण,
की मला वाटलं,
तिकडेही कुणीतरी मोजणारा असेल.

नऊ चालींनंतर कामठीने डाव सोडला.
झाकणावर खाली एक ओळ जास्तीची होती:
घोडा कोणाचा होता जी?

‘आपला, सगळ्यांचा,’ मेश्राम म्हणाले,
पण त्यांचा आवाज जरा खालून आला.
फत्तूभाऊ म्हणाले, ‘मीच तं बोल्लो होतो ना त्या घराचं.’
कय्यूमभाईंनी सुई तोंडात धरली, काही बोलले नाहीत, हसले.
कोणीच ऐकेना, तेव्हा ठरलं
की हेही चिठ्ठीनेच ठरवू.

सहा वाजता डबा उघडला.
पाच चिठ्ठ्यांवर पाच नावं,
ज्याची त्याची स्वतःची.
सहावी कोरी, ती माझी.
सातवीवर सुताचा तंतू चिकटलेला,
वाकडं अक्षर, दाबून लिहिलेलं:
भोजराज.

समोरच्या ओसरीवर
इंदूबाईंचा चरखा थांबला नाही.

मी खडू घेतला.
पाटीवर काय लिहिलं
ते मला सांगता येईल,
पण गाडी निघायची वेळ झाली होती,
दूधवाला हॉर्न देत होता,
आणि सगळेच म्हणत होते,
लिही बे लवकर.